हैदराबाद बँक आणि बाजाराचा कौल

१ एप्रिल २०१७ रोजी हैदराबाद स्टेट बँकेचे स्वतंत्र अस्तित्व संपले. औसा, निलंगा, उदगीर, लातूर, नांदेड या आपल्या टापूत या बँकेस कोणी तिच्या पूर्ण नावाने ओळखत नसे. ती सरळ ‘हैदराबाद बँक’ होती. शेतमालाचे पैसे, शिक्षकांचे पगार, निवृत्तांचे वेतन आणि पीककर्ज अशी अनेकांची कामे तिच्या खिडकीशी होत. त्या दिवशी पाटी बदलली आणि व्यवहार पुढे चालू राहिला. मुंबईच्या शेअरबाजारात मात्र त्या बँकेपुरती काहीच हालचाल झाली नाही. कारण साधे होते. तिचे भाग बाजारात नव्हतेच.

बँका एकत्र येतात तेव्हा बाजार काय बोलतो, देशोदेशी तो निरनिराळे का बोलतो, आणि त्याच्या बोलण्यास किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता दलालांचा आणि सट्टेवाल्यांचा वाटतो. परंतु आमच्या मते तो आपलाही आहे. बाजाराच्या वहीत ज्याची नोंद होते त्याचा नफातोटा जगाला दिसतो. ज्याची नोंद होत नाही त्याचे नुकसान झाले तरी ते कोणास मोजता येत नाही. मराठवाड्याच्या बँकेची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे, आणि म्हणून ती प्रथम सांगितली पाहिजे.

हैदराबाद संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. त्यास उस्मानिया सिक्का किंवा बोलीभाषेत ‘हाली’ म्हणत, आणि इंग्रजी रुपयास ‘कलदार’. साधारणतः सात हाली रुपयांस सहा कलदार असा हिशेब असे. सरहद्दीवरच्या व्यापाऱ्यास दोन्ही रुपयांचा मेळ घालावा लागे, आणि त्या मेळात दर थोडा जरी हलला तरी नफ्याचा तोटा होई. या चलनाची व्यवस्था पाहण्यासाठी व सरकारी कर्जाचा कारभार सांभाळण्यासाठी १९४१ साली कायदा करून हैदराबाद स्टेट बँक स्थापण्यात आली. ५ एप्रिल १९४२ रोजी हैदराबादेतील गनफाउंड्री येथे तिचे काम सुरू झाले. अर्धी सरकारची मध्यवर्ती पेढी आणि अर्धी व्यापारी बँक असे तिचे रूप होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४३ साली, हैदराबादेत शेअरबाजारही निघाला. राज्य, चलन, बँक आणि बाजार ही चारही अंगे त्या राजधानीत एकाच वेळी नांदत होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि हे चित्र पालटू लागले. हाली रुपया हळूहळू मागे घेण्यात आला. १९५३ साली या बँकेने हैदराबाद मर्कंटाइल बँकेची येणी-देणी आपल्याकडे घेतली. म्हणजे जी बँक पुढे दुसरीत विलीन व्हायची होती तिनेही आधी एकीस पोटात घेतले होते. १९५६ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने तिची मालकी घेतली व तिचे नाव ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ असे झाले. त्यानंतर लागलीच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ ऑक्टोबर १९५९ रोजी ही बँक भारतीय स्टेट बँकेची दुय्यम बँक बनली. मराठवाडा मुंबईकडे गेला, पण त्याची बँक हैदराबादेसच राहिली. पुढील जवळजवळ सहा दशके आपल्या पैशाचा एक धागा असा जुन्या राजधानीशी बांधलेला होता. इतिहासाचा हा अवशेष कागदावर कोणास फारसा दिसला नाही. खातेदारास मात्र पासबुकावर रोज दिसत होता.

१७ मे २०१६ रोजी भारतीय स्टेट बँकेने आपल्या पाच दुय्यम बँका व भारतीय महिला बँक यांना सामावून घेण्याचा मनोदय जाहीर केला. या पाचांपैकी बिकानेर व जयपूर, म्हैसूर आणि त्रावणकोर या तिघींचे काही भाग लोकांच्या हाती होते व बाजारात त्यांची खरेदीविक्री होत असे. हैदराबाद आणि पतियाळा या दोघी मात्र संपूर्णपणे स्टेट बँकेच्या मालकीच्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच त्या तिघींचे भाव शेकडा २० पर्यंत चढले. ऑगस्ट महिन्यात विनिमयाचे प्रमाण ठरले: बिकानेर व जयपूर बँकेच्या १० भागांस स्टेट बँकेचे २८ भाग, आणि म्हैसूर व त्रावणकोर यांच्या १० भागांस २२ भाग. त्रावणकोर बँकेच्या बाबतीत केरळच्या विधानसभेने विलीनीकरणाविरुद्ध ठरावही केला. अखेर पाचही बँका एकाच दिवशी विलीन झाल्या.

येथे बाजाराच्या बोलण्याचा पहिला अर्थ कळतो. तिघींचे भाव चढले याचा अर्थ त्या बँका एका रात्रीत सुधारल्या असा नव्हता. त्यांची थकीत कर्जे आदल्या दिवशी होती तेवढीच दुसऱ्या दिवशी होती. खरेदीदाराने एवढाच अंदाज बांधला की, मोठ्या बँकेचे भाग आपल्याला चांगल्या प्रमाणात मिळतील. लातूरच्या मोंढ्यात आयातीचे धोरण बदलल्याची बातमी आली की सौद्यात तुरीचा भाव हलतो. पोत्यातली तूर मात्र तीच असते. बाजार मालाची प्रत पुन्हा तपासत नाही, तो माल कोणाकडे आणि कोणत्या दराने जाणार एवढेच पाहतो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १७ सप्टेंबर २०१८ रोजी, आपल्याकडे मुक्तिदिनाचे ध्वजवंदन झाले त्याच दिवशी, केंद्र सरकारने बडोदा, विजया आणि देना या तीन बँका एकत्र करण्याचा विचार जाहीर केला. यांपैकी देना बँक आजारी होती. तिच्या कर्जांपैकी शेकडा २२ च्या आसपास थकलेली होती, आणि नवी कर्जे देण्यास रिझर्व्ह बँकेने तिला मनाई केली होती. विजया बँकेची प्रकृती तिघींत बरी होती. दुसऱ्या दिवशी बाजाराने काय केले? देना बँकेचा भाव शेकडा २० नी, म्हणजे एका दिवसात जेवढा चढू देतात तेवढा, चढला. बडोदा बँकेचा शेकडा १६ नी कोसळला. विजया बँकेचाही शेकडा ५ हून अधिक उतरला. आजारी बँकेस बक्षीस आणि धडधाकट बँकांस दंड, असा हा उलटा न्याय भासतो. परंतु त्यात विसंगती नाही. एका घरचे कर्ज दुसऱ्या घराच्या माथी बसणार हे कळल्यावर पहिल्या घरचे लोक निःश्वास टाकतात आणि दुसऱ्या घरचे कपाळाला हात लावतात, तसेच हे झाले.

गोष्ट एवढ्यावर संपली नाही. २ जानेवारी २०१९ रोजी प्रमाण जाहीर झाले. विजया बँकेच्या १,००० भागांस बडोदा बँकेचे ४०२ भाग, आणि देना बँकेच्या १,००० भागांस केवळ ११०. बडोदा बँकेचा भाव तेव्हा १२० रुपयांच्या आसपास होता. ११० भागांचे सुमारे १३,००० रुपये होतात. म्हणजे देनाच्या एका भागाचे मोल १३ रुपयांच्या घरात आले. बाजारात तोच भाग १८ रुपयांच्या आसपास विकला जात होता. दुसऱ्या दिवशी देनाचा भाव शेकडा २० नी खाली आला. सप्टेंबरातली कमाई जानेवारीत परत गेली. पहिल्या दिवशीचा कौल हा निकाल नव्हे, ती एक आशा असते. हा धडा यापेक्षा स्वच्छ रीतीने क्वचितच मिळाला असेल.

तिसरे उदाहरण मोजणीतली अडचण दाखवते. ३० ऑगस्ट २०१९ रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याची घोषणा झाली. तो शुक्रवार होता. सोमवारी गणेशचतुर्थीमुळे बाजार बंद होता. मंगळवारी, ३ सप्टेंबरास, पंजाब नॅशनल, कॅनरा, युनियन आणि इंडियन या चारही सामावून घेणाऱ्या बँकांचे भाव ठळकपणे घसरले. मुंबईचा निर्देशांकही ७७० अंकांनी उतरला. तेव्हा ही घसरण विलीनीकरणाची की आणखी कशाची? घोषणेच्याच शुक्रवारी देशाच्या उत्पन्नवाढीचा तिमाही आकडा शेकडा ५ वर आल्याचे जाहीर झाले होते, आणि बाजार त्यानेही हादरला होता. म्हणून अभ्यासक एक साधी युक्ती करतात. त्या दिवशी संपूर्ण बाजार जितका हलला तितके वजा करतात, आणि जे उरते ते त्या एका बातमीचे फळ मानतात. नदीस पूर आला असता होडी किती वर आली हे सांगताना पाणी किती चढले ते आधी वजा करावे लागते, तशीच ही वजाबाकी आहे. मात्र दोन बातम्या एकाच संध्याकाळी आल्या, तर ही वजाबाकीही पुरती शुद्ध राहत नाही.

आता परदेशांकडे वळू. ६ एप्रिल १९९८ रोजी अमेरिकेत सिटीकॉर्प ही बँक आणि ट्रॅव्हलर्स ही विम्याची व रोख्यांची मोठी संस्था यांनी एकत्र येण्याचे ठरवले. त्या दिवशी सिटीकॉर्पचा भाव शेकडा २६ नी आणि ट्रॅव्हलर्सचा शेकडा १८ नी चढला. न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक प्रथमच ९,००० वर बंद झाला. दोन्ही बाजूंस एकाच वेळी आनंद व्हावा हे विरळाच. अमेरिकेतील त्या काळच्या पुष्कळ विलीनीकरणांत विकल्या जाणाऱ्या बँकेचा भाव चढे आणि घेणाऱ्या बँकेचा उतरे, असे अभ्यासकांस आढळले आहे. घेणाऱ्याने जास्त मोल दिले अशी बाजारास शंका येई. सिटीच्या बाबतीत शंका आली नाही, आनंदच झाला. पण त्या आनंदाचे पुढे काय झाले? २००९ च्या मार्चमध्ये त्याच सिटीग्रुपचा एक भाग काही काळ एका डॉलरच्याही खाली विकला गेला.

ब्रिटनची गोष्ट याहून कडू आहे. २००७ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने बेल्जियमच्या फोर्टिस व स्पेनच्या सांतांदेर बँकेस जोडीस घेऊन हॉलंडची एबीएन आम्रो बँक सुमारे ७१ अब्ज युरोंना विकत घेतली. बार्कलेज बँकही तीच मागत होती, म्हणून चढाओढीत मोल वाढले. वर्षभरात जगावर आर्थिक संकट कोसळले. फोर्टिसचे तुकडे झाले आणि रॉयल बँकेस वाचविण्यासाठी ब्रिटिश सरकारला तिचे बहुतांश भाग घ्यावे लागले. सरकारच्या हातचा शेवटचा भाग विकला गेला तो २०२५ च्या मे महिन्यात, आणि तोही एकूण हिशेबात तोटा सोसून. लिलावात हरलेली बँक सुखी राहिली आणि जिंकलेली बुडाली.

स्वित्झर्लंडमध्ये १९ मार्च २०२३ च्या रविवारी सरकारच्या मध्यस्थीने यूबीएस बँकेने क्रेडिट स्विस ही दीडशेहून अधिक वर्षांची बँक ३ अब्ज फ्रँकांस घेतली. क्रेडिट स्विसच्या २२.४८ भागांस यूबीएसचा एक भाग असे प्रमाण ठरले. म्हणजे एका भागास ०.७६ फ्रँक. शुक्रवारी तो १.८६ फ्रँकांवर बंद झाला होता. सोमवारी तो निम्म्याहून अधिक कोसळला. यूबीएसचा भाव सकाळी बराच घसरला, पण संध्याकाळपर्यंत सावरून किंचित वर बंद झाला. भागधारकांची संमती विचारलीच गेली नव्हती. येथे विकल्या जाणाऱ्या बँकेचे भाग पडले आणि घेणारी तरली. म्हणजे अमेरिकेच्या अनुभवाच्या बरोबर उलटे.

हे सारे पाहून कोणी म्हणेल की, अमेरिकेचा बाजार आशावादी, भारताचा धास्तावलेला आणि युरोपचा लहरी. आम्हांस हा निष्कर्ष मान्य नाही. बाजारांचे स्वभाव वेगळे नसून निर्णय घेणारे वेगळे आहेत. जेथे दोन बँकांचे चालक आपखुशीने सौदा करतात तेथे बाजार विचारतो, मोल बरोबर दिले का? जेथे सरकार स्वतःच्याच बँकांस एकत्र बसवते तेथे तो विचारतो, कोणाचे ओझे कोणाच्या खांद्यावर जाणार? आणि जेथे बुडती बँक घाईने दुसरीच्या हवाली केली जाते तेथे तो विचारतो, जुन्या भागधारकाच्या हाती काही उरेल का? प्रश्न तीन आहेत, म्हणून उत्तरेही तीन प्रकारची येतात.

एकाच देशातही हे तिन्ही प्रकार सापडतात, यावरून आमचे म्हणणे पटावे. हैदराबादेतीलच ग्लोबल ट्रस्ट बँक २००४ च्या जुलैत अडचणीत आली व ऑगस्टमध्ये ओरिएंटल बँकेत विलीन करण्यात आली. ठेवीदारांचे पैसे वाचले, भागधारकांस मात्र एक पैसाही मिळाला नाही. २०२० च्या नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँकेच्या भागधारकांचीही हीच गत झाली. उलट आपल्या महाराष्ट्रातील साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ च्या सप्टेंबरात अशीच अडकली असता तिला मागणी घालणारे एकाहून अधिक निघाले, आणि आयडीबीआय बँकेने भागामागे २८ रुपये रोख दिले. १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक २००७ साली आपखुशीने आयसीआयसीआय बँकेत गेली. तिच्या ९२५ भागांस १०० भाग मिळाले. आणि ४ एप्रिल २०२२ रोजी एचडीएफसी व एचडीएफसी बँक यांनी एकत्र येण्याचे ठरवले तेव्हा दोघींचेही भाव शेकडा १० च्या आसपास चढले, अगदी १९९८ च्या न्यूयॉर्कप्रमाणे. विलीनीकरण १ जुलै २०२३ रोजी पुरे झाले. पुढे १७ जानेवारी २०२४ रोजी, तिमाहीचे आकडे आल्यावर, त्याच बँकेचा भाव एका दिवसात शेकडा ८ हून अधिक उतरला. बाजार तोच, देश तोच. प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

आता मूळ मुद्द्यास येऊ. या सर्व उदाहरणांत ज्याच्या हाती भाग आहे त्याचे सुखदुःख बाजाराने सांगितले. परंतु बँकेशी संबंध असलेल्यांत भागधारक हा सर्वांत थोडा. ठेवीदार, कर्जदार, कर्मचारी आणि शाखेभोवतीचा गाव यांची गणना भावात होत नाही. जपानमध्ये तीन मोठ्या बँकांच्या एकीकरणातून मिझुहो बँक निघाली. १ एप्रिल २००२ रोजी तिने नवी घडी बसवताच यंत्रणा कोलमडली व लक्षावधी व्यवहार रखडले. तो मनस्ताप ठेवीदाराने भोगला. भागांच्या विनिमयाचे प्रमाण ठरवताना तो कोणी हिशेबात धरला नव्हता.

ठेवीदाराची स्थिती आपल्याकडे पूर्वीपेक्षा बरी आहे हे कबूल केले पाहिजे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा ठेवींस विम्याचे छत्र नव्हते. त्या धक्क्यातूनच सरकारला दुबळ्या बँकांचे सक्तीने एकत्रीकरण करण्याचा अधिकार मिळाला आणि १९६२ साली ठेवविमा सुरू झाला. ४ फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. विलीनीकरणात ठेव बुडत नाही, उलट ती वाचते. म्हणून विलीनीकरण म्हणजे संकटच असे मानणे अन्यायाचे होईल. हैदराबाद बँक एकटी राहती तर तिच्या थकीत कर्जांचा भार तिला पेलला असता का, हा प्रश्न डावलता येत नाही. विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच वर्षी, २०१७–१८ मध्ये, खुद्द भारतीय स्टेट बँकेस ६,५०० कोटी रुपयांहून अधिक तोटा दाखवावा लागला; ओझे किती होते ते यावरून दिसते.

पण कर्जदाराचे काय? छोट्या प्रादेशिक बँकेस आपल्या टापूची नस माहीत असते. कोणत्या वर्षी पाऊस दगा देतो, सोयाबीनचे पैसे केव्हा हातात येतात, हप्ता कोणत्या महिन्यात मागावा, हे तिच्या साहेबांस वेगळे सांगावे लागत नाही. मोठ्या बँकेस भांडवल अधिक असते, पण तिचे नियम सगळ्या देशासाठी एकच असतात. नांदेड येथे १९७६ साली मराठवाडा ग्रामीण बँक निघाली ती हीच उणीव भरून काढण्यासाठी. तीही २००९ साली महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली, आणि १ मे २०२५ रोजी विदर्भ–कोकणची ग्रामीण बँकही त्यात येऊन सबंध राज्याची एक ग्रामीण बँक झाली. केंद्र सरकार, पुरस्कर्ती बँक आणि राज्य सरकार हे तिचे मालक. तिचाही भाग बाजारात नाही. म्हणजे मराठवाड्याच्या दोन्ही आधारांचे विलीनीकरण झाले, आणि दोन्ही वेळा भाव चढला नाही की उतरला नाही.

यातून एक कर्तव्य निघते. जेथे बाजार मोजत नाही तेथे लोकांनी मोजले पाहिजे. हे अवघडही नाही. जिल्ह्यात बँकांनी किती ठेवी गोळा केल्या आणि किती कर्जे दिली याचे आकडे रिझर्व्ह बँक नियमाने प्रसिद्ध करते. लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांचे २०१७ पूर्वीचे व नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. शंभर रुपयांच्या ठेवीमागे किती रुपये याच मातीत कर्जाच्या रूपाने परतले, त्यांतले शेतीस किती, लहान उद्योगास किती, आणि शाखा वाढल्या की घटल्या, एवढे चार प्रश्न विचारावेत. महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत करण्याजोगे हे काम आहे. हे प्रमाण वाढलेले आढळले तर विलीनीकरणाने मराठवाड्याचे हित झाले असे आम्ही निःसंकोच म्हणू. घटलेले आढळले तर ते अंक घेऊन लोकप्रतिनिधींच्या दारी जाण्याचा औसेकरांस पुरा अधिकार आहे. मुंबईच्या बाजारास आपल्या बँकेबद्दल बोलण्यासारखे काही नव्हते. आपल्यापाशी तेवढी सबब नाही.